हळदीच्या हंगामातला फोटो

हिंगोलीच्या बाजारात चाचांचं फोटोचं दुकान होतं आणि मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो. त्यांनी पहिला धडा दिला तो कॅमेऱ्याला हातही न लावू देता. "आधी झाडाभवती चार चकरा मार, मग कॅमेऱ्याची तिपाई ठेव," असं ते म्हणत. उजेड कुठून येतो आणि सावली कुठं पडते हे आधी पायांनी शिकायचं. दुसरा धडा काचेचा. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघे, आणि आमच्याकडच्या साध्या प्लेटला पिवळा रंग दिसतच नसे. जे जे पिवळं, ते ते फोटोत काळं. हा धडा मला इतका पाठ होता की कुणी विचारो न विचारो, मी तो म्हणून दाखवायचो. विशीतलं शहाणपण, दुसरं काय!

एका माघात चाचांनी मला पहिल्यांदाच एकट्याला बाहेरगावी पाठवलं. वसमतपर्यंत रेल्वेनं आणि पुढं हट्ट्याजवळच्या खेड्यापर्यंत बैलगाडीनं. हादऱ्यानं काचा फुटू नयेत म्हणून मांडीवर गोधडी आणि गोधडीवर पेटी. मांड्या भरून आल्या, पण आनंद पोटात मावत नव्हता. दोन्ही अंगांना हळद काढणं चाललं होतं, बांधाबांधावर हळद शिजवायच्या कढया चढलेल्या. येईल-जाईल त्याला कॅमेऱ्याची पेटी नीट दिसेल असा मी बसलो होतो.

ज्या शेतकऱ्याकडं गेलो, त्याची लेक वाशिमकडं दिलेली. दुसरं बाळंतपण सासरीच झालं. लेकरू लहान म्हणून तिला येता येईना, आणि हंगाम टाकून आईला जाता येईना. दोन वर्षं मायलेकींची गाठ नव्हती. लेकीनं निरोप धाडला होता, यायला जमत नसेल तर आईचं तोंड फोटोत तरी दाखवा.

आई नवं पिवळं लुगडं नेसून बाहेर आली. मी लगेच धडा म्हणून दाखवला. बिचारी आत गेली आणि फिकट चौकडीचं नेसून आली. कडुलिंबाच्या झाडाभोवती मी चार चकरा मारल्या, सावलीच्या कडेला तिला बसवलं. तोंडाची एक बाजू अंधारी वाटली म्हणून शेतकऱ्याला त्याचं धुतलेलं पांढरं धोतर पसरून समोर धरायला लावलं. उन्हाचा उजेड धोतरावरून उडून तिच्या गालावर आला. काळ्या कपड्याखाली डोकं घातलं तर काचेवर सगळं अंगण उलटं टांगलेलं, आणि मधोमध ती हसतेय. भिंगावरचं झाकण काढलं, दोनपर्यंत मोजलं, परत बसवलं. स्वतःवर इतका खूश मी पुन्हा क्वचितच झालो असेन.

दुकानात फोटो छापून निघाला आणि माझंच तोंड उतरलं. लुगडं झकास, झाड झकास, पण बाईचा चेहरा तव्यासारखा काळा. चाचा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अरे, लुगडं बदलवलंस, अन् तोंड? तोंडाला हळद लावून बसली होती ना ती!"

फोटोत तोंड उजळ दिसावं म्हणून तिनं मुद्दाम हळद चोळली होती, आणि मला ती दिसलीच नव्हती. दिसणार कशी? हंगामात आमच्याकडं माणसं पिवळी, बैल पिवळे, हातावर थापलेली भाकरीसुद्धा पिवळी. आमच्या डोळ्यांना तो रंग वाटतच नाही. मी झाडाभोवती चार चकरा मारल्या होत्या, बाईभोवती एकही नाही. तरी राग मी चाचांवरच काढला. त्या दिवशी जेवलो नाही.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. आईनं फोटो हातात घेतला आणि खो खो हसत सुटली. "आगं बया, ही तर माझी सासू उठून आली की!" मग तिनं फोटो पालथा ठेवला. "हा नगं धाडू रं बाबा. लेक म्हणंल, आई करपून गेली. रडंल ती."

दही आणि डाळीचं पीठ लावून तिनं तोंड खसाखसा धुतलं. चेहरा निघाला, हात काही निघेनात. महिनाभराची हळद मुरलेली. मी म्हणालो, हात पदराखाली घ्या.

"काहून? हातांनी काय पाप केलं?" ती म्हणाली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली. या खेपेला आधी मी तिच्याभोवती फिरलो. शेतकऱ्यानं धोतर धरलं. चेहरा असा लख्ख आला की चाचांनी नुसती मान डोलावली. हात तेवढे कोळशासारखे.

दिवाळीला लेक माहेरी निघाली. वाटेत हिंगोलीला उतरून, लेकरू कडेवर घेऊन ती दुकानात आली. फडक्यातून तिनं तोच फोटो काढला. आता तक्रार येणार म्हणून मी घाईघाईनं धडा म्हणायला लागलो, की पिवळं असलं की काळं येतं...

"ठावं हाय की. हळद हाय ती," ती म्हणाली. "म्या दुसरंच इचारायला आले. ह्यो आणखी एक निघंल का?"

मी फोटो उजेडाकडं धरला. चेहरा अजून नव्यासारखा लख्ख होता. हातांच्या जागी मात्र कागद झिजून पांढुरका झाला होता.

"तोंडाला मी बोट लावत न्हाई, पुसंल म्हणून," ती म्हणाली. "हात तेवढे धरते रोज."

चाचांना न विचारताच मी दुसरी प्रत काढायला घेतली. संध्याकाळपर्यंत ती माहेरी पोचणार होती, खरे हात हातात घेणार होती. तरी प्रत वाळेपर्यंत थांबली, आणि मग ती फडक्यात नीट गुंडाळून घेऊन गेली.