डोंगरात खणलेली खोली

मला नको तिथे प्रश्न विचारायची खोड आहे. नवरा म्हणतो, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. त्याचं काय जातंय! तो सकाळी हमद पोर्टला कामाला जातो तो दिवेलागणीला उगवतो. इथे कतारमध्ये, अल वक्रातल्या बिल्डिंगच्या सातव्या मजल्यावर दिवसभर बंद दारांकडे बघत बसायचं ते मी.

आमच्या समोरच्या दारात एक स्पॅनिश बाई राहते, अल दुहैलच्या एका शाळेत शिकवते. तिची म्हातारी आई गावी पडली, एकटीने राहणं जमेना, म्हणून हिने तिला इथे आणलं. आजी आल्या आणि बोलायच्याच बंद झाल्या. धड जेवेनात. खिडकीला खुर्ची लावून समोरच्या बिल्डिंगकडे बघत बसायच्या. एकदा लिफ्टपाशी शेजारीण मला म्हणाली, "गावचं घर विकतेय. गिऱ्हाईक ठरलंय. आईने सही केली की खलास. पण ती ना हो म्हणते, ना नाही."

"कसलं घर आहे?"

"गुहा."

घ्या! मी पडले नाशिकची. गुहा म्हटलं की डोळ्यांपुढे पांडवलेणी. दुसऱ्याच दिवशी फोडणीच्या पोळीचा डबा घेऊन गेले, चपला बाहेर काढल्या, आजींना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "तुमच्या लेण्यात मूर्ती कोणाच्या आहेत? बुद्धाच्या, की तुमच्या देवाच्या?" शेजारणीने कसंबसं हसू दाबत ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. आजी अशा हसल्या की ठसका लागला. म्हणाल्या, "एकच मूर्ती होती. माझा नवरा. जेवायला वाढलं तरच हलायची."

लसणाचा वास आला तसा त्यांनी डबाही पुढे ओढला. त्यांच्याकडे शिळ्या पावाचा चुरा असाच लसणावर परततात म्हणे. सगळी पोळी संपवली. चार दिवसांनी डबा परत आला तो ऑलिव्ह भरून. रिकामा डबा परत करू नये हे त्यांना कोणी शिकवलं होतं, देव जाणे.

मग काय, माझं रोज तिथे जाणं सुरू झालं. शेजारीण शाळेतून आली की मी हजर. बिचारी बॅग ठेवायच्या आत दुभाषी व्हायची. "यल्ला, चल, विचार," म्हणायची.

गावाचं नाव ग्वादिक्स. दक्षिण स्पेनमध्ये, समुद्रापासून चांगलं आत, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी. भोवती तांबड्या मातीच्या घळीच घळी. तिथे आधी रोमन होते. मग अरब आले, त्यांनी गावाला वादी आश म्हटलं. वादी म्हणजे ओढ्याचं पात्र, हे कतारमध्ये कोणालाही विचारा. पुढे ख्रिस्ती राजांनी गाव घेतलं, आणि गावातून हुसकलेल्या मुसलमानांनी बाहेरच्या टेकड्या पोखरून घरं केली, असं तिथे सांगतात. नंतर ज्याला ज्याला गावात घर परवडेना तो तो टेकडीत शिरला. आजींचे आजे-पणजे त्यातलेच.

"म्हणजे छपरावर डोंगर?"

"डोंगर, गवत आणि शेजाऱ्याच्या बकऱ्या. आमचं बाहेर दिसतं ते फक्त दार आणि पांढरं धुराडं. धूर दिसला की कळायचं, घरात माणूस आहे."

"आणि उन्हाळ्यात? एसी?"

आजींनी डोक्यावरच्या घरघरणाऱ्या एसीकडे असं काही बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. बाहेर अंग भाजत असलं तरी आत पांघरूण लागतं, म्हणाल्या. आणि बाहेर थंडीने दात वाजत असले तरी आत चुलीपुढे बरं असतं. माझा विश्वास बसेना. अहो, आम्ही इथे पंचेचाळीस डिग्रीत राहतो, अशा गोष्टी कोणी सांगितल्या तर पटायच्या कशा!

आजी आता जेवत होत्या, बोलत होत्या. पण सहीचं नाव काढलं की गप्प. तिकडे गिऱ्हाईक घाई करत होतं. एका शुक्रवारी शेजारीण वैतागून माझ्याचकडे वळली. "तूच विचार हिला. परत जाऊन एकटीने राहायचंय का हिला? पडली तर बघणार कोण?"

सोनाराने कान टोचलेले बरे, म्हणून मी विचारलं. "आजी, तुम्हाला परत जायचंय का?"

"नाही," आजी म्हणाल्या. "मी इथेच बरी आहे."

शेजारणीच्या आधी मीच बोलले.

"मग घर कशाला हवं?"

त्यावर आजी बराच वेळ बोलल्या. शेजारीण ते मला सांगायचंच विसरली. तोंड फिरवून उभी राहिली. मला एक अक्षर कळलं नव्हतं आणि विचारायची, माझीसुद्धा, छाती होईना. शेवटी तीच म्हणाली, "आमच्याकडे मूल व्हायचं असलं की डोंगरात आणखी आत खणून खोली वाढवतात. मी पोटात असताना बाबांनी कुदळ घेतली. ती खोली माझी. आई म्हणते, मी गेल्यावर तुला रडू आलं, तर तू जाशील कुठे?"

"याला आमच्यात माहेर म्हणतात," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं. माझं माहेर आईमागे भावाने विकलं. तिथे आता कोणाचा तरी जिम आहे. मला रडायचं असलं की मी बाथरूममध्ये नळ सोडून बसते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगून टाकलं, आणि शेजारणीने ते आजींना सांगितलं.

घर विकलं नाही. गेल्या हिवाळ्यात आजी गेल्या. लेकीने त्यांना मातीसाठी गावी नेलं.

आता सुट्टीत ती परत तिकडे गेलीय, परवा तिथूनच तिचा फोन आला. आत रेंज येत नाही, म्हणून दारात उभी होती. आवाज बसलेला, पण शांत. म्हणाली, "चूल पेटवलीय. आणि ऐक, आई जायच्या आधी बजावून गेलीय. तिची खोली तुला द्यायची."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "व्हिसाला वेळ लागतो, हं."

"लागू दे," मी म्हटलं. "माहेरी जायचंय."