पाच नंबरच्या गाडीचा जोड

क्लेम ऑल्डसला सगळं गाव खडूस म्हणायचं, आणि गावाचं फारसं चुकत नव्हतं. इंग्लंडातल्या नॉरफकमध्ये घुम्या माणसांची काही कमी नाही. पण एकुलत्या एका मुलीच्या वाढदिवसाला दर वर्षी सकाळीच सायकल काढून दिवसभर गायब होणारा बाप हा एकटाच. केक कापून, पाहुणे जाऊन, भांडी घासून झाली की हा उगवायचा. बायको, डोरीन, त्याच्यासाठी एक तुकडा झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तो तुकडा कोंबड्यांपुढे जायचा. डोरीनला जाऊन आता चार वर्षं झाली होती, तरी सायकलचा नेम काही चुकला नव्हता.

या वर्षी त्या मुलीने, बेवने, त्याला सायकलपाशीच गाठलं.

"एक्केचाळीस पूर्ण झाली मला, डॅड. आजवर काही मागितलं नाही. आज मुकाट्याने गाडीत बसा."

"कुठे जायचंय?"

"हर्बी गॉट्सकडे. त्याने तुमची जुनी गाडी शोधून काढलीय. रेसची. तुम्हाला दाखवायचीय म्हणतो."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. हर्बीचं नाव त्या घरात निघत नसे. पण बेवने सायकलची किल्ली केव्हाच खिशात टाकली होती.

एके काळी क्लेम आणि हर्बी थर्लोच्या कारखान्यात एका ताटात जेवत. कारखाना म्हणजे कोंबड्यांची जुनी शेड, आणि काम एकाच जातीचं: एका माणसापुरत्या रेसच्या गाड्या. अंगठ्याएवढ्या जाड नळ्यांचा सांगाडा, मागे लिटरभराचं इंजिन, आणि मध्ये ड्रायव्हर जवळजवळ उताणा पडलेला. वजन वाचवायचं म्हणून थर्लोसाहेबाने इंजिनचं गरम पाणीसुद्धा सांगाड्याच्या नळ्यांतूनच फिरवलं होतं. ड्रायव्हरच्या पोटऱ्या भाजायच्या. साहेब म्हणायचा, भाजू देत, लवकर पोचेल! हर्बी मेकॅनिक होता. नळ्या जोडायचं वेल्डिंग मात्र क्लेमचं. वितळलेलं पितळ भरून केलेला त्याचा जोड इतका सफाईदार असे, की बोट फिरवलं तर कुठे लागू नये.

सदुसष्ट साली दोन गाड्या होत्या, तीन नंबर आणि पाच नंबर. दिसायला जुळ्या. फरक फक्त पुढे दोन रिबिटांनी ठोकलेल्या नंबराच्या पट्टीचा. तीन नंबर घेऊन रॉडी हेल या पोराने एका मोसमात सात शर्यती मारल्या. हसरा पोरगा होता. क्लेमच्या डब्यातलं सँडविच न विचारता उचलायचा.

पाच नंबरचा मागचा डावा जोड क्लेम एप्रिलमधल्या एका सकाळी करत होता, तेवढ्यात फोन आला. डोरीनला कळा सुरू झाल्या होत्या. जोड अर्धवट सोडता येत नव्हता, आणि थांबायला मन तयार नव्हतं. त्याने तो कसाबसा उरकला. वर पितळेचा गोळा तसाच राहिला, आत भरलं की नाही देव जाणे. उद्या कापून परत करू म्हणत तो धावला. बेव झाली. उद्याचं परवावर गेलं, आणि परवा पाच नंबरवर रंग चढला.

जुलैत फ्रान्समधल्या शर्यतीत रॉडी गेला. वर्तमानपत्रात दोनच ओळी होत्या. थर्लोची पाच नंबरची गाडी, मागची डावी बाजू कोसळली. क्लेमने पेपर घडी घालून ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून थर्लोच्या शेडचं तोंड पाहिलं नाही. उरलेलं आयुष्य त्याने डुकरांच्या वाड्यांची फाटकं वेल्ड केली. फाटक तुटलं तर फार तर डुकरं पळतात. हर्बी रस्त्यात दिसला की हा पलीकडच्या बाजूला जायचा. डोरीनला यातलं अक्षर सांगितलं नाही.

हर्बी शेडच्या दारातच उभा होता. कंबरेत वाकला होता, तोंड मात्र तेच.

"आलास का, फाटकवाल्या? मला वाटलं, आता माझ्या मयतालाच येशील!"

"तेव्हाही आलो नसतो," क्लेम म्हणाला.

गाडी हिरवीगार उभी होती, पट्टीवर तीन. शेजारच्या भिंतीवर हर्बीने तिचा इतिहास लिहून लावला होता. रॉडीच्या सात शर्यती. मग पुढची पाच वर्षं दुसऱ्या मालकांकडे, अठ्ठावन्न शर्यती, अकरा विजय. तीनदा इंजिन फुटलं. सांगाड्याने एकदाही दगा दिला नाही.

सवयीने क्लेम मागे गेला आणि डाव्या नळीवर त्याने बोट फिरवलं. बोट अडलं. पितळेचा गोळा! तो गुडघ्यावर बसला.

"हर्बी, ही तीन नंबर नाही."

"नाहीच मुळी. तुझ्यापासून काय लपणार!" हर्बी हसला. "फ्रान्सला जायचे कागद पाच नंबरचे झाले होते आणि रॉडीला हवी होती तीन. सकाळी तू यायच्या आत पट्ट्या बदलल्या. सगळेच करायचे तेव्हा. मग रॉडी गेला, आणि साहेब म्हणाले, कस्टमवाल्यांना खोटं सांगितलंय, कुणापाशी ब्र काढायचा नाही."

"म्हणजे रॉडी तीन नंबरमध्ये..."

"तीनमध्ये. मागचं डावं चाक फुटलं रे. मधोमध. तुकडे मी माझ्या हाताने वेचलेत. तुझे जोड सगळे शाबूत होते." हर्बीचं हसू हळूहळू मावळलं. "क्लेम, तुला काय वाटलं होतं? अरे, एकदा विचारायचंस तरी! मी समजलो, रॉडी गेला म्हणून तुझं मन उडालं."

बेवने क्लेमचा दंड धरून त्याला स्टुलावर बसवलं, आणि त्याने तिला सगळं सांगितलं. फोन, कळा, गोळा, वर्तमानपत्र. सांगताना तो जमिनीकडेच बघत होता.

बेवने ऐकून घेतलं. तिचा आवाज चढला नाही.

"म्हणजे मी जन्मले म्हणून तो माणूस मेला, असं वाटायचं तुम्हाला. दर वाढदिवसाला."

"तुझा काय दोष, पोरी? पण हो. तो दिवस सोसवायचा नाही मला."

ती गाडीमागे गेली, वाकली, आणि तिने तो गोळा चाचपला.

"हाच?"

"हाच. किती घाणेरडा केलाय बघ. घाईत होतो. तू येत होतीस." बोलता बोलता त्याला रडू फुटलं. हर्बी काही न सुचून फडक्याने स्वच्छ गाडी पुन्हा पुसायला लागला.

बेवने त्या जोडावरचा हात काढला नाही.

"आईला सांगायला हवं होतंत, डॅड," ती म्हणाली. "तिला शेवटपर्यंत वाटत होतं, तुम्हाला मुलगा हवा होता."