आधी चूक, मग माग

पाळी सुरू व्हायच्या आधी नरसय्या मामा शेडच्या मधोमध उभे राहायचे आणि आपली कालची चूक सगळ्यांना ओरडून सांगायचे. "काल म्या चार नंबरचा पट्टा उलटा घातला. येडा मी! तुमी घालू नका." मग विचारायचे, "अजून कुणाचं काय?" आम्ही अठरा जण माना खाली घालून उभे. अळीमिळी गुपचिळी. मग माग सुरू व्हायचे आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नसे.

मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, आमच्या टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग दुरुस्त करायचे. राहायला भवानी पेठेत. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी आणि चिडले की दोन्ही एकदम. मी उजनीकाठच्या गावातून नवा आलेलो. सकाळचा तो प्रकार मला शिक्षाच वाटायचा. आपली अब्रू आपणच चव्हाट्यावर कोण मांडतं हो?

भिंतीपलीकडच्या कारखान्यात आमच्यासारखेच माग, तोच धागा. तरी त्यांचा ट्रक दुपारी भरून जायचा आणि आमचा संध्याकाळपर्यंत ताटकळायचा. मालक म्हणायचे, तिथली माणसं चपळ आहेत. मामा हसायचे. "चपळ कसली! तितं एकाची चूक दिवसभरात सगळ्यांना कळती. हितं एकच चूक अठरा जण अठरा वेळा करतेत, अन् ती बी चोरून. भ्यालेला कारखाना हळूच चालणार की!"

भ्यालेल्यांत पहिला नंबर माझा. बायकोला सातवा महिना आणि कामावर कायम व्हायला पंधरा दिवस बाकी. मागाजवळ चहा न्यायला सक्त मनाई होती. तरी एका दुपारी नेला आणि नेमका मागाच्या बटणांवर सांडला. घाईघाईनं पुसून काढला. तासाभरानं, बंद केलेल्या मागानं आपोआप एक हिसका दिला आणि तो थांबला. इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या मागावरचा सलीमभाई आपल्याच कामात होता.

दुसऱ्या सकाळी मामांनी विचारलं, "अजून कुणाचं काय?" शपथेवर सांगतो, शब्द ओठांपर्यंत आला होता. पण ते पंधरा दिवस आठवले आणि मी मान खाली घातली. त्या दिवशी मी जीव मुठीत धरून काम केलं. हात आत घालायची वेळ आली की मी आधी मेन स्विच बंद करायचो. स्वतःपुरती काळजी घेतली, दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. अकराच्या सुमाराला मी पाणी प्यायला गेलो. तेवढ्यात धागा तुटलेला दिसला म्हणून मामांनी बटण दाबून माझा माग थांबवला आणि हात आत घातला.

किंकाळी त्या खडखडाटातही ऐकू आली. मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालक म्हणाले, "म्हातारपणी लक्ष राहत नाही." मी तेही मुकाट ऐकून घेतलं.

असे आठ दिवस गेले. कुणी नावानं हाक मारली की मी मागाआड सरकायचो. त्यात त्याच मागावर दुसऱ्या पाळीत दुसरा गडी हात घालत होता. शेवटी भवानी पेठेत मामांच्या घरी गेलो. ते डाव्या हातानं उप्पीट खात होते. निम्मं खाली सांडत होतं. त्यांच्या पायाशी बसून, ततपप करत, सगळं सांगितलं. वाटलं, मारतील. नाहीतर माफ करतील. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

मामांनी हातातला घास खाली ठेवला. मग डोळे लाल करून म्हणाले, "मला कशाला सांगतो रं? माझी बोटं गेली की. ज्यांची हायेत, त्यांना जाऊन सांग."

मामा पुन्हा कामावर आले नाहीत. दुसऱ्या सकाळी, माग सुरू व्हायच्या आधी, मी त्यांच्या जागी जाऊन उभा राहिलो. मालक दारातच होते.

"चहा म्या सांडला हुता," मी म्हणालो. "माग आपोआप सुटतोय, हे मला आदल्या दिवशीच ठाव हुतं."

मालकांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात धागा जोडत असलेल्या सलीमभाईनं आपला हात मागातून हळूच बाहेर काढला.

"मेरे मागका बटन बी परसों से वैसाच कररा," तो म्हणाला.