कालव्यापलीकडचा एकशे सतरा

ऑफिसात त्यांना सगळे मिलिमीटरबाई म्हणत. तोंडावर नाही, माघारी. पण भिंतींना कान असतात आणि ऑफिसातल्या भिंती तर प्लायवूडच्या होत्या, त्यामुळे बाईंना ते पहिल्या आठवड्यातच कळलं. त्यांना वाईट वाटलं नाही, कारण नाव पडायला निमित्तही तसंच झालं होतं. वाहतूक नियोजनाच्या या ऑफिसात त्या ट्रेसर, म्हणजे नकाशे काढणाऱ्या आरेखक, म्हणून लागल्या तेव्हा जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. एका ठेकेदारानं आणलेला नकाशा त्यांनी परत पाठवला, का तर नव्या रस्त्याची रेघ एक मिलिमीटर सरकली होती. तेव्हाचे साहेब हसले. "अहो, एक मिलिमीटर!"

बाई म्हणाल्या, "साहेब, या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दहा मीटर. तेवढ्यात एक अख्खं घर बसतं, अंगणासकट."

साहेबांचं हसू मावळलं आणि बाईंना नाव चिकटलं ते चिकटलंच.

पुढची चोवीस वर्षं त्यांनी ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनानं रेघा मारल्या. चुकलं तर ब्लेडच्या टोकानं शाई खरवडायची, नखानं कागद घासून गुळगुळीत करायचा आणि श्वास रोखून पुन्हा मारायची. मग ऑफिसात कॉम्प्युटर आले. बरोबरीच्या दोघांनी "आता या वयात कुठं" म्हणून लवकर रिटायरमेंट घेतली. बाईंनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला आणि माऊस हातात धरला. पहिला महिनाभर तो त्यांच्या हातात साबणाच्या वडीसारखा निसटायचा. सहा महिन्यांनी मात्र नवे इंजिनीअर अडलं की त्यांच्याच टेबलाशी येऊन उभे राहायला लागले.

त्यांचा नवरा सिटी बसचा ड्रायव्हर होता. तो पाहुण्यांना सांगायचा, "मी दिवसभर गाव फिरतो आणि ही दिवसभर गाव कापते. घरी आल्यावर भाजी चिरायला मात्र हिचा हात दुखतो."

त्यात खोटं काही नव्हतं. बाईंचं काम शहर कापायचंच होतं. सगळ्या शहराचे लहान लहान तुकडे पाडायचे, त्यांना झोन म्हणतात. सकाळी कुठल्या झोनमधून किती माणसं बाहेर पडतात, कामाला कुठं जातात, शाळेला कुठं जातात, याचा हिशोब सॉफ्टवेअर मांडतं आणि त्यावरून ठरतं की नवा रस्ता कुठं, पूल कुठं, बस कुठं. पण सॉफ्टवेअरला घरं दिसत नाहीत. झोनमधली सगळी माणसं मधल्या एका बिंदूत राहतात असं ते धरून चालतं, आणि त्या बिंदूपासून मोठ्या रस्त्यापर्यंत एक जोडरेघ मारून दिली की माणसं त्या रेघेवरून बाहेर पडली असं समजतं. म्हणून झोन आखायचे काही नियम असतात. रेल्वे, नदी, कालवा, मोठा रस्ता, असं काही आडवं आलं की तिथं झोन संपवायचा. त्याच्या दोन्ही अंगांची माणसं एकाच झोनमध्ये ठेवायची नाहीत.

बाईंनी तीनशे चाळीस झोन आखले. तीन महिने लागले. शेवटच्या आठवड्यात एकशे सतरा नंबर उरला.

त्याच्या मधून कालवा जात होता. नियमानं दोन तुकडे व्हायला हवे होते. पण जनगणनेच्या ऑफिसानं दोन्ही काठांची माणसं मिळून एकच आकडा दिला होता. तो वेगळा करून द्या असं बाईंनी पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. त्यांनी विमानातून काढलेला फोटो मोठा करून पाहिला. कालव्यावरून एक पांढुरकी रेघ आडवी गेलेली दिसत होती. पूल असावा. "असावा" या शब्दाशी बाईंचं कधी जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी साहेबांकडे गाडी मागितली.

साहेब आता नवे होते. तसे सज्जन, पण वरून तारखेचा तगादा लागलेला. ते म्हणाले, "एका पुलासाठी गाडी? फोटोत दिसतोय ना? मग घ्या चालवून."

बाईंनी घेतलं चालवून. बिंदू झोनच्या मधोमध ठेवला, उत्तरेच्या मोठ्या रस्त्यापर्यंत जोडरेघ मारली आणि फाईल बंद केली. दोन-चार दिवस मन खात राहिलं. मग दुसरं काम आलं आणि ते खायचंही थांबलं.

तीन वर्षं गेली. शहराच्या वाहतुकीचा आराखडा मंजूर झाला. झोनचा मोठा रंगीत नकाशा काचेची फ्रेम करून तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये लावला गेला. त्याच सुमारास ऑफिसात सफाईला नव्या मावशी लागल्या. पन्नाशीच्या, अंगानं काटक, कामाला चोख. पण आठवड्यातून दोनदा तरी यायला उशीर. हजेरीबुकात त्यांच्या नावापुढं लाल शेरे साचायला लागले.

एका सकाळी बाई आल्या तेव्हा मावशी नकाशाची काच पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "बाई, हे तुम्ही काढलंय म्हणे. यात माझं घर कुठं आलं?"

बाईंना असं कुणी विचारलं की बरं वाटायचं. त्यांनी पत्ता विचारला आणि पेनाचं टोक काचेवर ठेवलं. "हे बघा. एकशे सतरा नंबर. मोठ्या रस्त्यापासून दहा मिनिटांवर तर आहात. मग उशीर कसा हो होतो?"

मावशींनी फडका पिळला. "नकाशात असेल दहा मिनिटांवर. मी चाळीस मिनिटं चालते."

"चाळीस?"

"मग काय हौस म्हणून चालते? आमची वस्ती कालव्याच्या पलीकडं. मोठ्या रस्त्याला यायचं तर खाली मोठ्या पुलापर्यंत जायचं, तो ओलांडायचा, आणि तेवढंच परत वर यायचं."

"पण मधे एक पूल आहे ना? हा इथं?"

"तो कुठला पूल? ती कालव्याचं पाणी अडवायची दारं आहेत. आधी त्यांच्या कट्ट्यावरून जायचो आम्ही. मग एक म्हातारा पाय घसरून पडला, तेव्हापासून दोन्हीकडं लोखंडी फाटक आणि कुलूप. त्याला झाली की पाच वर्षं."

पाच वर्षं. म्हणजे बाईंनी ती जोडरेघ मारली तेव्हाही कुलूप होतंच. त्या टेबलाशी जाऊन बसल्या, पण दुपारपर्यंत त्यांच्याकडून एक काम धड झालं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या मावशींना शोधत खाली गेल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी मी तुमच्या घरी येते. तिथून आपण दोघी मिळून ऑफिसला येऊ."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं त्यांना स्कूटरवरून वस्तीत सोडलं. मावशींचं घर दोन खोल्यांचं, दारात पाण्याचे पिंप, आत सून घाईघाईनं नातवाच्या बुटाच्या नाड्या बांधत होती. घराच्या पाठीमागं कालवा आणि त्यापलीकडं, दगड मारला तर पोचेल इतक्यावर, मोठ्या रस्त्यावरून बस जाताना दिसत होत्या. मावशींनी फाटकाचं कुलूप दाखवलं. ते इतकं गंजलं होतं की किल्ली असूनही उघडलं नसतं.

मग त्या निघाल्या. काठाकाठानं पायवाट होती आणि त्या वाटेवर माणसांची रांग. डबे घेतलेले कामगार, दप्तरं, एक बाई पाचव्या-सहाव्या महिन्यातली, एका हातानं कंबर धरून. रोजचं चालणं होतं. मोठ्या पुलावर बाई थांबल्या. मावशींना म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, तुमचा उशीर नको." पर्समधली वही काढून त्यांनी एक तास माणसं मोजली. सहाशे अकरा भरली.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "त्या पुलाच्या स्टॉपवर माझी गाडी रोज गच्च भरते. दाराला लटकतात लोक. आम्ही ड्रायव्हर एकमेकांना म्हणायचो, इथं ना बाजार ना कारखाना, ही माणसं उगवतात कुठून?"

"मीच पुसून टाकलं होतं त्यांना," बाई म्हणाल्या. "नकाशात ती दहा मिनिटांत रस्त्याला लागतात. म्हणून तिथं पूल नको, बस नको, असंच आलं अहवालात."

"तू मुद्दाम थोडीच केलंस?"

"उंटावरून शेळ्या हाकल्या मी. दुसरं काय?"

सोमवारी त्या साहेबांपुढं उभ्या राहिल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, आराखडा मंजूर झालाय. एक झोन उघडला की सॉफ्टवेअरमधलं सगळं मॉडेल पुन्हा चालवावं लागतं. शिवाय फाईलवर तुमची चूक म्हणून येईल. दोन वर्षं राहिलीत तुमची. कशाला हात पोळून घेता?"

"चूक माझीच आहे, तर माझ्याच नावावर येऊ दे."

बाईंनी टिपण लिहिलं. त्यात "असावा", "वाटते", "बहुधा" असं काही नव्हतं. झोन एकशे सतराची सीमा मी आखली. ती चुकीची आहे. पुलाची खात्री न करता मी जोडरेघ मारली. दुरुस्तीची परवानगी मिळावी. खाली सही, तारीख आणि पुलावर मोजलेल्या माणसांचा तक्ता.

फाईल साहेबांच्या टेबलावर पाच आठवडे पडून राहिली. साहेब ताकास तूर लागू देत नव्हते. बाई रोज सकाळी केबिनवरून जाताना नजर टाकत, फाईल त्याच गठ्ठ्यात त्याच जागी. प्लायवूडपलीकडून कुजबुज यायची, की मिलिमीटरबाईंना जाता जाता हे काय सुचलं. बाईंना रात्रीची झोप लागत होती, पण जेवण कमी झालं होतं. नवऱ्यानं ते पाहिलं आणि एके दिवशी न सांगता भाजी स्वतः चिरून ठेवली.

सहाव्या आठवड्यात फाईल परत आली. वर "मंजूर" असा शेरा होता. त्याखाली साहेबांच्या बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: "आरेखकांनी त्या वेळी पाहणीसाठी वाहन मागितले होते. मी नाकारले. सदर चूक दोघांची आहे."

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. केबिनमध्ये जाऊन काही बोलावं असं त्यांना वाटलं, पण साहेब फोनवर होते आणि त्यांनी नुसतीच मान हलवली. बाईंनीही हलवली.

खरं काम पुढंच होतं. जनगणनेचा आकडा एकच, तर दोन काठांना तो वाटायचा कसा? बाईंनी फोटोतली छपरं मोजली. पण छपराखाली किती माणसं, ते छपरावरून कळत नाही. म्हणून सलग चार शनिवार त्या वस्तीत गेल्या. मावशी पुढं, बाई मागं वही घेऊन.

"या घरात किती?"

"पाच. नाही, सहा. जावई येऊन राहिलाय, त्याला धरायचं का?"

"सकाळी कामाला जातो?"

"तो कसला जातोय. दारात बसून असतो."

"तरी धरायचा. उद्या गेला तर?"

"तो गेला तर मीच येऊन सांगेन तुम्हाला," मावशी म्हणाल्या, आणि आतून त्या घरची बाई हसली.

मग एका सकाळी बाईंनी एकशे सतरा नंबर कालव्याच्या रेघेवरून कापला. उत्तरेचा एकशे सतराच राहिला, दक्षिणेचा तीनशे एक्केचाळीस झाला. नव्या झोनचा बिंदू त्यांनी वस्तीच्या मधोमध, पिठाच्या गिरणीशी ठेवला आणि जोडरेघ खरी जाते तशी, काठाकाठानं मोठ्या पुलापर्यंत नेली. मॉडेल दिवसभर चालत होतं. चार वाजता आकडे आले. तीनशे एक्केचाळीसमधून मोठ्या रस्त्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ सगळ्या शहरात सगळ्यात जास्त होता. साहेब स्वतः उठून टेबलाशी आले, वाकून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्रिंट काढा. मी घेऊन जातो वर."

वरच्या ऑफिसानं पुलाला लगेच हो म्हटलं नाही. पाण्याच्या खात्यानं हरकत घेतली, मग ती मागे घेतली, मग नवी घेतली. बस मात्र सहा महिन्यांत आली. दक्षिणेच्या कच्च्या रस्त्यावर खडी पडली आणि सकाळी चार फेऱ्या, संध्याकाळी चार. मावशींचे लाल शेरे थांबले. तक्रारी थांबल्या नाहीत. बस वेळेवर येत नाही, आली तर बसायला जागा नाही, कंडक्टर सुटे पैसे देत नाही. बाई त्या सगळ्या घरी जाऊन नवऱ्याला ऐकवायच्या आणि तो म्हणायचा, "तो रूट माझा नाही बाई, मला का सुनावतेस?"

उरलेल्या दोन वर्षांत बाईंनी आणखी एक उद्योग केला. कुणी सांगितलं नव्हतं. ज्या ज्या झोनमध्ये त्यांनी फोटोवर विसंबून जोडरेघ मारली होती, तिथं त्या सुट्टीच्या दिवशी जाऊन पाहून आल्या. नवरा स्कूटर चालवायला असायचा. त्याची कुरकुर असायची की आठवडाभर गाडी हाकून रविवारीही तेच, पण तोच आधी हेल्मेट घालून दारात उभा राहायचा. अकरा ठिकाणी चूक सापडली. कुठं रस्त्यावर भिंत आली होती, कुठं रेल्वेखालचा बोगदा बुजवला होता, एके ठिकाणी तर रस्ताच नव्हता, गाईगुरांची वाट होती. निवृत्तीपर्यंत चार दुरुस्त झाल्या. बाकीच्या सातांची यादी त्यांनी नव्या आरेखक मुलीच्या हाती दिली आणि प्रत्येक जागी कसं जायचं तेही लिहून दिलं.

पूल व्हायला त्यानंतर वर्ष लागलं. लोखंडी, अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं लागतं असा. मावशींनी निरोप पाठवला तेव्हा बाई आणि त्यांचा नवरा दोघं पाहायला गेले. शाळा सुटायची वेळ होती. मुलं पायांनी लोखंड वाजवत पळत होती. बाई पुलाच्या मधोमध थांबल्या, कठड्याला हात लावला आणि खाली पाण्याकडं पाहिलं. नवऱ्यानं विचारलं, "काय गं?" त्या म्हणाल्या, "काही नाही. बरं वाटतंय."

मावशी पलीकडच्या टोकाशी उभ्या होत्या. त्यांनी वर बोट दाखवलं. "बाई, पूल झाला ते ठीक. पण या टोकाचा दिवा लागत नाही. संध्याकाळी बायकामाणसांनी यायचं कसं?"

बाईंनी पर्स उघडली. निवृत्त झाल्यापासून त्या वही बाळगत नव्हत्या, म्हणून नवऱ्याच्या खिशातून बसचं जुनं वेळापत्रक घेतलं आणि त्याच्या मागच्या बाजूला खांबाचा नंबर लिहून घेतला.