रॅमच्या जोड्या जुळवताना

कारंज्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं की किस्से आपोआप साचतात. गिऱ्हाईक उठून गेलं की एखादा मागे उरतोच. चहाच्या वेळी मी अन् माझा पार्टनर संजू ते उगाळत बसतो. पूर्वी हसून हसून पोट दुखायचं. आता सांगता सांगता मीच गप्प होतो, कारण बहुतेक किश्शांत चूक माझी आहे.

*

धनजचे एक भाऊ अख्खं मशीन मांडीवर घेऊन एसटीनं आले. चालूच होत नव्हतं. संजूनं रॅमची पट्टी काढली, टोकाला शाळेतला खोडरबर घासला, परत बसवली. चालू! भाऊ खूश होऊन गेले. आठ दिवसांनी पुन्हा हजर. रोज सकाळी देवपूजा झाली की पट्टीला रबर मारत होते म्हणे. टोकाचा सोनेरी मुलामा पार उडालेला. हे रोज करायचं नसतं, एवढं सांगायचं मी विसरलो होतो.

*

अनसिंगला भाजीचा मळा असलेल्या एका दादांनी पोरीच्या मशीनमध्ये दुसऱ्याच मशीनची रॅम बसवायला घेतली. खाच जुळेना, तर कानशीनं नवी खाच पाडली! काहून दादा, असं विचारलं तर शांतपणे म्हणाले, "वखराची लोखंडी पास दांड्यात बसत नाही तवा आमी कानसच मारतो."

दुकानात चार माणसं होती. मी मोठ्यानं हसलो, मग सगळेच हसले. दादा पिशवी उचलून गेले ते परत आले नाहीत. माणूस पोरीसाठी धडपडत होता, मी त्याचं हसं केलं.

*

संजूचा एक नियम. जुन्या पट्टीशेजारी नवी लावली की दोघींचं जमतं का, याची दिवसभर टेस्ट चालवायची, त्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जाणार नाही. एक व्यापारी फार वैतागले तर त्यांना म्हणाला, "बैलजोडी घेता तवा चालवून पाहता का नाही?" मी त्याला पत्रिका पाहणारा भटजी म्हणून चिडवायचो.

*

जैन मंदिराजवळ किराणा दुकान असलेले एक काका आहेत. काकू वारल्यापासून मशीनवर त्यांचे फोटो पाहत बसायचे. मशीन फार हळू झालं म्हणून नवी डिस्क अन् जुन्या रॅमच्या जोडीला नवी रॅम, असं काम दिलं. संजू अकोल्याला गेला होता, काकांना घाई होती. मी टेस्ट केली नाही. फोटो नव्या डिस्कवर घेतले अन् जुनी डिस्क पुसून टाकली.

नवी रॅम जुनीशी जमली नव्हती. फोटो कॉपी होतानाच कायमचे बिघडले. एकेक उघडून पाहिला, तर काकूंचं कपाळ अन् डोळे दिसायचे, त्याखाली नुसता करडा रंग. दुसरी प्रत कुठंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी संजूच्या देखत काकांना खरं ते सांगितलं. वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी पडद्यावरच्या करड्या रंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नवीनं बिघडवलं ना? मंग नवी काढून टाक, जुनीच राहू दे. तवा दिसन ती पूर्ण."

संजूनं माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, कॅबिनेट उघडलं अन् नवी पट्टी काढली. काकांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.