चौसष्ट मात्रांचे माने काका

माने काकांच्या हाताला घड्याळ नव्हतं. ते तोंडात होतं. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचं दार मिटेपर्यंतही ते पुटपुटत आकडे मोजत. कराडच्या बसस्थानकावर तीस वर्षं माइकवरून गाड्या सोडून निवृत्त झालेले. बायको वारल्यावर मुलाने त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. मुलगा-सून दिवसभर मीटिंगमध्ये, त्यामुळे शेजारी म्हणून ते माझ्या वाट्याला आले.

शनिवारी दुपारी मी त्यांना एका चर्चच्या हॉलवर सोडायचो. तिथे कॉन्ट्रा डान्स चाले. समोरासमोर दोन लांब रांगा, माइकवरून हुकूम सोडणारी एक गोरी बाई, आणि चौसष्ट मात्रा झाल्या की प्रत्येक जोडी एक जागा सरकून नव्या जोडीसमोर उभी. काकांच्या लेखी हे वेळापत्रकच होतं. "हात धरून गिरकी, आठ मात्रांची," ते मला समजावत. "समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, नाहीतर चक्कर येते. नवव्या मात्रेला गाडी सुटलीच पाहिजे." इंग्रजी बेताचं, तरी दोन महिन्यांत त्या बाईने त्यांच्या हाती माइक दिला.

मग हे आपल्या माणसांनाही दाखवावं असं त्यांच्या मनाने घेतलं. मराठी मंडळाच्या अध्यक्षांकडे खेपा घालून त्यांनी दिवाळीच्या कार्यक्रमात वीस मिनिटं मिळवली. ती अर्थात अध्यक्षांच्या भाषणातून कापलेली नव्हती.

पहिल्या चौसष्ट मात्रा बऱ्या गेल्या. जोड्या सरकल्या, नवे चेहरे समोर आले आणि आमची माणसं थांबली. तुम्ही मूळचे कुठले, ग्रीन कार्ड फाइल झालं का, घर घेतलं की अजून रेंटवरच? एकाला समोरच्या जोडीत चुलत मेहुणा सापडला. दोघांनी तिथेच खुर्च्या ओढल्या. "फलाटावर रेंगाळू नका, पुढे सरका," काका माइकवरून सांगत राहिले. शेवटी गिरकी दाखवायला ते स्वतः रांगेत उतरले. समोरच्या काकूंनी बोटं जेमतेम टेकवली आणि विचारलं, "तुमच्या मिसेसना नक्की काय झालं होतं हो? आणि सून बघते ना व्यवस्थित?"

काकांनी संगीत बंद करायला सांगितलं. अध्यक्षांनी अतिशय स्तुत्य उपक्रम म्हणून आभार मानले आणि जेवणाची रांग मात्र झटक्यात लागली.

परतताना गाडीत काका काहीच मोजत नव्हते. मग म्हणाले, "तिकडे दर शनिवारी चाळीस माणसं माझा हात धरतात. कुणी काही विचारत नाही. ही गेल्यापासून एरवी कोण धरतंय? म्हटलं, एकदा आपल्या माणसांनी धरला तर..."

मला फार वाईट वाटलं. पार्किंगमध्ये गाडी लावून मी त्यांचा हात हातात घेतला, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "काका, जेवलात ना नीट?"

त्यांनी हात सोडवला नाही.

"आधी आठ मात्रा होऊ देत," म्हणाले, "मग विचार."