तेराव्याच्या आत

मेधाचा फोन सकाळी आला. "नीलामावशी, आई गेली. पहाटे, झोपेतच." मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "तिची व्हीलचेअर आजच कुणाला तरी द्यायचीय. तिनं बजावून ठेवलंय. तुझ्या माहितीत कुणी आहे का गं?" आई जाऊन तीन तास झालेली मुलगी खुर्चीचं विचारते आहे, याचं दुसऱ्या कुठल्या घरात मला नवल वाटलं असतं. कुंदाताईंच्या घरात नाही... त्यांना नेल्यावर तासाभरात एक गृहस्थ रिक्षा घेऊन आले, दाराशी क्षणभर घुटमळले आणि मेधानं स्वतःच ती खुर्ची घडी घालून रिक्षात चढवून दिली.

कुंदाताई महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. ठाकुर्लीला तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर, त्यातली बाहेरची खोली वॉकर, कमोडच्या खुर्च्या, सलाइनचे स्टँड यांनी भरलेली. कुणाच्या घरचं आजारपण संपलं की तिथलं सामान त्यांच्याकडे यायचं आणि ज्याला लागेल त्याच्याकडे फुकट जायचं. पण लोक केवळ सामानासाठी येत नसत. कुठला डॉक्टर घरी येतो, कुठल्या इस्पितळात राखीव खाटा असतात, त्यासाठी कागद कुठले लागतात, दिवसभर बसणारी बाई कुठे मिळेल... आपल्या गावात हे सगळं असतं, फक्त गरज पडते तेव्हा आपल्याला ते ठाऊक नसतं. कुंदाताईंना ठाऊक असे.

आठ वर्षांपूर्वी माझी आई न्हाणीघरात घसरून पडली आणि अंथरुणाला खिळली. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला. मुळात अबोल, शेजारी काही मागायला जायचं तरी मनाची तयारी करावी लागणारी. आईच्या पाठीला जखमा होऊ लागल्या तेव्हा मी त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि कुणालाही विचारलं नाही. शेवटी औषधांच्या दुकानदारानंच कुंदाताईंचा पत्ता सांगितला. त्या त्याच संध्याकाळी हवेची गादी घेऊन आल्या. छोट्या पंपावर चालणारी, एका जागी अंगाचा भार पडू न देणारी ती गादी मी तोवर पाहिलीही नव्हती. उशाशी पुस्तकांची चळत बघून त्या म्हणाल्या, "जन्मभर पुस्तकं या कप्प्यातून त्या कप्प्यात लावलीस ना? मग आईला या कुशीवरून त्या कुशीवर करायला घाबरतेस काय? ये इकडे, हात घाल." आई कितीतरी दिवसांनी हसली. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची हे त्यांनी माझे हात धरून शिकवलं. जखमा भरल्या. पुढचे अकरा महिने आई त्या गादीवर होती आणि त्या अकरा महिन्यांत मी एकटी नव्हते.

आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी कुंदाताई आल्या. थोडा वेळ माझा हात हातात घेऊन बसल्या, मग हळूच म्हणाल्या, "नीला, गादी न्यायला आलेय गं. दुसरी गादी आधीच दिलेली आहे, आणि मानपाड्याला एक गृहस्थ पाठीला जखमा घेऊन पडलेत."

माझी मोठी काकू गावाहून आलेली होती. ती आतूनच म्हणाली, "अहो बाई, सुतकाच्या घरातून वस्तू बाहेर जाते का? तेरावं होऊ दे, मग काय ते न्या."

"काकू, मी धुऊन, औषध लावून देणार आहे."

"धुतल्यानं सुतक जातं? गेलेल्या माणसाच्या अंगाखालचं ते. तिकडे त्याचं काही बरंवाईट झालं तर बोल आमच्या घराला."

"त्यांनाच विचारते मग," कुंदाताई म्हणाल्या, "थांबता का म्हणून सुतक फिटेपर्यंत."

काकूनं तोंड फिरवलं. कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. घर माझं होतं, आई माझी होती, एक शब्द पुरला असता. माझा सुतकावर विश्वासही नव्हता... तरी मी जमिनीकडे बघत राहिले. त्या उठल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि रिकाम्या हातानं गेल्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गादी घेऊन ठाकुर्लीला गेले. आठवड्यानं धीर करून विचारलं, "त्या मानपाड्याच्या गृहस्थांना..." वाक्य पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "पोचली हो. वेळेत पोचली." मी सुटकेचा श्वास सोडला. मग सात वर्षं त्यांच्याकडे जात राहिले, सामान पुसायला, पत्ते लिहून द्यायला, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

परवा मेधाबरोबर बाहेरची खोली आवरत होते. ती गादी निघाली, दोन ठिकाणी ठिगळं लावलेली. मेधा सहज म्हणाली, "मावशी, ही तुझ्याकडचीच ना? मी आणि आई रिक्षातून घेऊन गेलेलो मानपाड्याला. दाराबाहेर चपलाच चपला. ते आदल्या दिवशी गेलेले. आई आत जाऊन त्यांच्या बायकोपाशी बसली, मी गादी धरून रिक्षातच."

मला माहीत आहे अशाच समजुतीनं ती बोलत होती. मी पंपाची नळी गुंडाळत होते, ती गुंडाळत राहिले. गादीनं ते गृहस्थ वाचले असते असं नाही, हे मला कळतं. पण ते दहा दिवस त्यांची पाठ कशावर होती... आणि कुंदाताईंनी ते सात वर्षं एकटीनं जवळ ठेवलं, मला चहा दिला, माझी थट्टा केली, एकदाही माझ्याकडे त्या दिवसासारखं पाहिलं नाही. आता मला हे सांगायलाही कुणी नाही, आणि माफी मागायलाही.

"आता कुणी मागितलीय का ही?" मी विचारलं.

"कोपरच्या एका आजींसाठी. पण ती कोळेगावात एकांच्या घरी गेलेली दुसरी गादी आहे ना, ती घेऊ म्हणत होते. ही फार जुनी झाली. फक्त... त्यांच्याकडे परवाच माणूस गेलंय. तेराव्यानंतर या म्हणाले."

खोलीत कुंदाताई वापरायच्या त्या जंतुनाशकाचा वास अजून होता. मी हात धुतले, पदर खोचला आणि मेधाला म्हटलं, "पत्ता दे. बोलायचं मी बघते."